अंगणातलं कुंपण घेण्याआधी अंगण बघा

प्रश्न: आम्ही फोंडा तालुक्यात राहतो, जुनं कौलारू घर, पुढे अंगण आणि मागे लहानसं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग. मुलाच्या हट्टामुळे दोन गिनी पिग आणलेत, चिंगी आणि मिरी, दोघी माद्या. सध्या हॉलमध्ये पिंजऱ्यात असतात. मुलाला त्यांना बाहेर गवतावर सोडायचंय. ऑनलाइन बघितलं तर एक कुत्र्याच्या पिल्लांसाठीचं फोल्डिंग कुंपण आहे, वरून उघडं, एक लाकडी त्रिकोणी आहे, आणि गावातला वेल्डर म्हणतो मी जाळीचं करून देतो. सासूबाई म्हणतात खर्च कशाला, कोंबड्यांचं जुनं खुराडं पडलंय त्यात ठेवा, रात्री पण तिथेच राहतील, घरातला वासही जाईल. कुठलं घेऊ? आणि पावसात काय करायचं?

उत्तर:

ताई, सरळ उत्तर आधी देते. वेल्डरकडूनच करून घ्या. पण जागा कुठली आणि बाहेर किती वेळ ठेवायचं हे ठरवल्याशिवाय त्याला ऑर्डर देऊ नका, कारण जाळी कितीही भक्कम केली तरी ऊन आत येतंच, आणि गोव्यात गिनी पिगच्या बाबतीत नागा-मुंगसाच्या आधी उकाड्याची काळजी करायला हवी.

हे प्राणी मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतले, पेरू-बोलिव्हियाच्या बाजूचे, तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेले. तिथली हवा थंड आणि कोरडी. अंगावर दाट केस, घाम येत नाही, कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापा टाकून अंग गार करणंही यांना धड जमत नाही. त्यांना मानवतं ते साधारण १८ ते २४ डिग्री, २६-२७ च्या वर गेलं की धोका वाढायला लागतो आणि हवा दमट असेल तर त्याच्याही आधी. आता आपल्याकडची हवा आठवा, जानेवारीतसुद्धा दुपारी ३२ डिग्री असतं आणि एप्रिल-मेमध्ये तर सकाळी आठलाच अंगाला घाम चिकटतो. म्हणजे परदेशी व्हिडिओंमध्ये दिसतं तसं दिवसभर हिरवळीवर चरणारे गिनी पिग आपल्याकडे होणार नाहीत, हे मुलाला आत्ताच समजावून सांगा, नंतर जड जाईल.

मग करायचं काय तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दव सुकलं की साधारण पाऊण-एक तास, बस. एक साधा थर्मामीटर घ्या, दमटपणा दाखवणारा मिळाला तर उत्तम, आणि तो कुंपणाच्या आत सावलीत जमिनीलगत ठेवून बघा, भिंतीवरचा किंवा मोबाईलवरचा आकडा धरू नका, मोबाईल अख्ख्या गावाचं सांगतो आणि चिंगी-मिरी जमिनीपासून चार बोटांवर असतात. २६ दिसलं की त्यांना आत घ्यायचं, मग पंधरा मिनिटंच झालेली असली तरी. मार्च लागला की बाहेर सोडणं बंदच करा, मी तरी हेच सांगेन, अगदी सकाळी सहाला सोडणारे लोक आहेत पण त्यात फायदा थोडा आणि काळजी जास्त.

उकाडा लागल्याची लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत, मुलालाही. अंग सैल सोडून लांबलचक पसरून पडणं, श्वास भराभर चालणं, तोंडाजवळ लाळ, कान लालबुंद आणि गरम, हात लावला तरी न हलणं. असं दिसलं तर लगेच सावलीत, पंख्याखाली, साध्या गार पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल कानांना आणि पायांना लावा, थोडं पाणी तोंडाजवळ धरा पण जबरदस्तीनं ओतू नका, आणि लगेच डॉक्टरकडे. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, त्या धक्क्यानं अजून बिघडतं.

आता जागा. अंगणात दोन-चार माड असतीलच. माडाखाली कुंपण ठेवायचं नाही, कितीही छान सावली पडत असली तरी नाही. नारळ पडतो, चुडतं म्हणजे झावळी पडते, एक चुडतं जाळीवर आदळलं की जाळीला काही झालं नाही तरी आतल्या प्राण्याची भीतीनं काय अवस्था होईल, गिनी पिग दचकणारे प्राणी आहेत आणि वरून काही आलं की त्यांना शिकारी पक्षीच वाटतो. फणसाखाली तर नकोच नको. आंब्याखाली हुमल्यांची घरटी आहेत का ते मान वर करून बघा, ते लाल मुंगळे फांदीवरून खाली उतरतात आणि चावले की माणसालाही सहन होत नाही. मला विचाराल तर घराच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून सकाळी जी सावली असते ती सगळ्यात चांगली, झाडाची सावली सरकते आणि झाडाखाली काही ना काही पडत राहतं, भिंतीची सावली भरवशाची. एक दिवस सकाळी सात ते दहा दर अर्ध्या तासानं सावली कुठवर येते त्या जागी खडूनं रेघ मारून ठेवा, हे काम मुलाला द्या, आवडेल त्याला.

सावली करायला वर पत्रा टाकू नका आणि निळं प्लास्टिकही नको, दोन्हीखाली भट्टी होते. हिरवं शेडनेट चालेल, त्याहून चांगली झावळ्यांची विणलेली चटई, हवा खेळती राहते. सिमेंटच्या टाइल्सवर ठेवणार असाल तर तळहाताची मागची बाजू टाइलवर टेकवून बघा, सात-आठ सेकंद सहज टेकवता आली नाही तर त्यांच्या तळव्यांना ते भाजणार.

कुळागराचं मुद्दाम सांगते कारण तुम्ही लिहिलंय मागे आहे म्हणून. तिथे ठेवायचा मोह होईल, गारवा असतो, हिरवं असतं. पण पाटाच्या कडेला बेडूक-उंदीर आले म्हणजे त्यांच्यामागे धामण आली, नाग आला, घोणसही असते, शिवाय मुंगूस, उदमांजर, घोरपड. आणि पोफळींवर पावसाच्या तोंडाला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात, ते खालच्या गवतावर ठिबकतं, तांब्याचं विष आहे ते. तुमच्याकडे मारत नसतील तरी शेजारच्या कुळागरात मारतच असतील. म्हणून मागे नको, पुढच्या अंगणात ठेवा, घरातून दिसेल असं. बल्कावात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून चहा घेताना सरळ नजर पडेल अशी जागा असेल तर मग प्रश्नच मिटला.

आता तुम्ही सांगितलेले प्रकार.

पिल्लांचं फोल्डिंग कुंपण परत करा किंवा घेऊच नका. वरून उघडं म्हणजे घारीला आणि कावळ्याला मोकळं रान, मांजराला तर एक उडी पुरे. आणि त्या गजांमधलं अंतर पिल्लासाठी असतं, लहान गिनी पिगचं डोकं त्यातून निघतं आणि डोकं निघालं की बाकीचंही निघतं किंवा मग अडकतं, दोन्ही वाईट.

लाकडी त्रिकोणी दिसायला गोड असतं, पण दोन्ही बाजू उतरत्या असल्यामुळे कडेची जागा वाया जाते, आत हात घालून घाबरलेला प्राणी पकडायचा म्हणजे कसरत होते, आणि आपल्या हवेत त्या स्वस्त पाइन लाकडाला एका पावसात बुरशी आणि वाळवी. वर ते इतकं हलकं असतं की एखाद्या भटक्या कुत्र्यानं खांदा लावला तरी उलटेल.

म्हणून वेल्डर. त्याला हे सांगा. लांबी सहा फूट, रुंदी चार फूट, उंची दीड फूट पुरे, गिनी पिग उंच उड्या मारणारे प्राणी नव्हेत, त्यांना पळायला लांबी हवी असते. एमएस अँगलची, म्हणजे साध्या लोखंडी पट्ट्यांची फ्रेम. जाळी अर्धा इंची, जीआयची (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) वेल्डेड, चौकोनी भोकांची. कोंबड्यांसाठी जी षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते ती घेऊ नको हे त्याला दोनदा सांगा, कारण दुकानात तीच पुढे करतात, स्वस्त असते, पण कुत्रा ती दातांनी फाडतो आणि भोकातून लहान साप आरामात आत येतो. अर्धा इंची भोकातून मोठा साप किंवा मुंगसाचा पंजा आत जात नाही. एक इंची नको, "एवढी बारीक कशाला" असं तो म्हणेल, ऐकू नका.

वर झाकण हवंच, तेही जाळीचंच, दोन भागांत, बिजागऱ्यांवर, म्हणजे अर्धंच उघडून हात घालता येतो आणि दुसरीकडून कोणी पळत नाही. नुसती कडी नको, कडी-कोयंडा आणि त्यात एक हुक, कारण तुमच्या बाजूला खेती-माकडं फिरतात आणि साधी कडी ती सहज उघडतात. जाळीची कापलेली टोकं सगळी बाहेरच्या बाजूला वळवून घासून घ्या, आतून बोटं फिरवून स्वतः तपासा. आतल्या बाजूला रंग मारायला लावू नका, ते जाळी कुरतडतात. नवी जीआय जाळी व्हिनेगरच्या पाण्यानं घासून धुवा आणि थोडे दिवस उन्हात ठेवा, मगच वापरा.

तळाला जाळी लावू का असं तो विचारेल. नाही. गिनी पिगचे तळवे उघडे असतात, केस नसतात त्यांच्यावर, जाळीवर चालून त्यांना जखमा होतात आणि त्या चिघळल्या की महिनोन् महिने बऱ्या होत नाहीत. पण तळ उघडा ठेवला तर घूस किंवा मुंगूस बाहेरून उकरून आत येईल, म्हणून चारी बाजूंनी फूटभर जाळीची पट्टी बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरायची, झालर असते तशी, फ्रेमला तारेनं घट्ट बांधून. उकरणारा प्राणी कुंपणाच्या अगदी कडेलाच उकरायला जातो आणि खाली जाळी लागली की सोडून देतो. आपल्या जांभ्या जमिनीत खुंट्या धड बसत नाहीत, त्यामुळे त्या झालरीवर चार कोपऱ्यांत चार चिरे (जांभ्याचे घडीव दगड) ठेवा, मग कुत्रा धडकला तरी हलणार नाही. चिरे तुमच्याकडे कुठे ना कुठे पडलेले असणारच.

आत लपायला जागा हवी आणि प्राण्यांपेक्षा एक जास्त, म्हणजे तीन. आडवं ठेवलेलं मातीचं मडकं मस्त, आत गार राहतं, पण एकच तोंड असलेल्यात एक घुसली की दुसरी बाहेर, म्हणून बाकी दोन जागा दोन्हीकडून उघड्या करा, दोन कौलं एकमेकांना टेकवून उभी केली की झालं. पाण्याची बाटली सावलीच्या बाजूला लावा.

आता सासूबाईंचं. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही, वस्तू पडून आहे तर वापरावी असंच कुणालाही वाटेल, त्यामुळे वाद न घालता कारणं सांगा. जुन्या खुराड्यातल्या लाकडाच्या फटीत कोंबड्यांचे किडे-पिसवा महिनोन् महिने राहतात, वाळलेल्या विष्ठेतून साल्मोनेला येऊ शकतो आणि तो गिनी पिगला फार वाईट पडतो. खुराडं कोंदट असतं. आणि रात्री तर बाहेर ठेवायचंच नाही, हे मी अगदी ठामपणे सांगते. रात्री साप, उदमांजर, मांजरं, घुशी फिरतात आणि आत शिरता आलं नाही तरी जाळीभोवती घिरट्या घालतात, त्या भीतीनंसुद्धा गिनी पिग खाणं सोडतो. आणि ज्या गिनी पिगनं बारा तासांच्या वर काही खाल्लं नाही तो आजारी आहे असंच समजायचं, त्यांचं पोट सतत चालू राहावं लागतं. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगावी नरकासुराच्या पुतळ्यांचा जो दणदणाट असतो तेव्हा तर घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावून, वर चादर टाकून. वासाचं म्हणाल तर तो प्राण्यांचा नसतो, भिजलेल्या अंथरुणाचा असतो. ओला कोपरा रोज काढा, अख्खं अंथरूण दोन-तीन दिवसांनी बदला, सासूबाईंची तक्रार आपोआप कमी होईल.

आणि मुंगूस दिसला म्हणून सापळा लावू नका की विष ठेवू नका. मुंगूस, घोरपड, अजगर, नाग, धामण हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. अंगणात साप आला तर वन खात्याला किंवा गावातल्या सर्पमित्राला फोन. उंदरांसाठीचं औषध शेजारी कोणी टाकतं का तेही विचारून घ्या.

गवताबद्दल थोडंसं. हरळी म्हणजे आपल्या दूर्वा, त्या उत्तम. पण सवय नसताना एकदम हिरव्या गवतात सोडलं तर पोट फुगतं, म्हणून आधी आठवडाभर घरातच रोज थोडी थोडी मूठ वाढवत द्या, मग बाहेर. बाहेर सोडायच्या आधी सुकं गवत पोटभर खाऊ द्या म्हणजे हिरव्यावर तुटून पडत नाहीत. मशिननं कापलेलं लॉनचं गवत देऊ नका, ते ढिगात तापून आंबतं. कुंपण ठेवाल तिथली लाजाळू मुळासकट काढा, अंगणातल्या हिरवळीत ती हमखास असते आणि तिच्यात मायमोसिन नावाचं विष असतं. कण्हेर, पिवळी कण्हेर, घाणेरी, धोत्रा, रुई, शोभेचं डिफेनबाखिया, क्रोटन, यांची पानं वाऱ्यानंही आत पडू नयेत इतकं लांब राहा. पेरू मात्र द्या, आठवड्यातून दोन-तीनदा लहान फोड, बिया काढून, कारण माणसासारखंच यांनाही शरीरात क जीवनसत्त्व बनवता येत नाही, ते खाण्यातूनच लागतं. कोथिंबीर, सिमला मिरची पण चालते.

मुलाला दोन नियम. एक, मोठं माणूस समोर असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. दोन, पिंजऱ्यातून कुंपणापर्यंत हातात धरून न्यायचं नाही, खोक्यात किंवा कॅरियरमध्ये न्यायचं, कारण त्यांनी हातातून उडी मारली की पाय मोडतो, मुलाच्या कमरेएवढी उंचीसुद्धा त्यांच्यासाठी फार असते. दोघी माद्या आहेत असं दुकानदारानं सांगितलं असेल तर एकदा डॉक्टरकडून खात्री करून घ्या, दुकानात यात फार घोळ होतात आणि नर-मादी निघाले तर दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्लं.

डॉक्टरचं निघालंच आहे तर, सगळे पशुवैद्य गिनी पिग बघत नाहीत, त्यामुळे आज गरज नसताना फोन करून विचारून ठेवा की तुम्ही बघता का, रात्री कोण बघतं. आणि घरातलं अ‍ॅमॉक्सिसिलीन, म्हणजे मुलाला तापात दिलेलं उरलेलं अँटिबायोटिक, त्यांना चुकूनही पाजू नका. त्यांच्या पोटातले चांगले जिवाणू त्यानं मरतात आणि प्राणी दगावतो.

राहिला पाऊस. जून ते सप्टेंबर बाहेर अजिबात नाही, ऑक्टोबरातही जमीन सुकली असेल तरच. मधेच दोन दिवस छान ऊन पडतं आणि वाटतं सोडूया, पण जमीन ओलीच असते आणि त्या ओलीत उंदरांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) ताप पसरतो, तो माणसालाही होतो, त्यांनाही. भिजलेलं अंग आपल्या हवेत लवकर सुकत नाही, मग गजकर्णासारखी बुरशी होते आणि ती मुलाच्या हातालाही लागते. त्याहून वाईट म्हणजे मागचा भाग ओला-घाण राहिला तर माशी तिथे अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात, म्हणून पावसात रोज संध्याकाळी दोघींना मांडीवर घेऊन मागचा भाग बघायचाच. गवत मात्र आणून द्या, रस्त्याकडेचं आणि गटाराजवळचं सोडून, धुऊन टॉवेलवर पसरून पंख्याखाली सुकवलेलं. पळायला हवं म्हणून हॉलमध्ये त्याच कुंपणाची जागा करता येते, सहा बाय चार फ्रेम बसत असेल तर खाली जुनी सतरंजी, सतरंजीवर सुती चादर, आणि हीच जागा मार्च ते मे पण चालेल, पंखा लावून. लाईट जाते तेव्हासाठी फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम ठेवा, कपड्यात गुंडाळून पिंजऱ्यात एका कोपऱ्यात ठेवली की त्या स्वतःच तिला टेकून बसतात.

फ्रेम हॉलमध्ये बसणार नसेल तर पावसाआधी ती धुऊन, सुकवून मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, उभी करून ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाहेर काढाल तेव्हा वेल्डिंगचे सांधे आणि बिजागऱ्या तपासा, गंजून जाळी कुठे सुटली असेल तर त्याच वेल्डरकडून टाके मारून घ्या, नवीन टोकं घासून घ्या, आणि मगच चिंगी-मिरीला आत सोडा.